गाडी उघडीच होती

पडदेकाकूंनी बटण दाबलं, तर गाडी नुसतीच 'टक्' म्हणाली. पुन्हा दाबलं, पुन्हा 'टक्'. समोरच्या काचेखालचे दिवे मिणमिणले, घड्याळाचे आकडे पुसट झाले आणि मग सगळंच विझलं.

मागच्या सीटवर दिवाणखान्याचे जाड पडदे घडी करून ठेवले होते. टपावर शिडी बांधलेली, पायाशी ड्रिलची पेटी. तिकडे गिऱ्हाईक अर्ध्या दिवसाची रजा काढून दार उघडायला थांबलेलं. काकूंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं आणि दातांवर दात दाबून बसून राहिल्या.

"काय झालं?" खिडकीतून काकांचा आवाज आला. घराच्या कडेला पत्र्याखाली गाडी उभी असे. तिचं नाक जवळजवळ बाहेरच्या खोलीच्या भिंतीला टेकलेलं, आणि त्या भिंतीतल्या खिडकीशी काकांची आरामखुर्ची.

"काय व्हायचंय? तेच."

"काल जेवणानंतर मी बघितलं, तेव्हा गाडी उघडीच होती. सांगितलं होतं मी तुला."

"मी बंद केली होती."

"उघडी होती."

"अहो, मी स्वतः बंद केली होती!"

काकांनी नुसता चष्मा पुसला. काकूंना ते चष्मा पुसणं शिवीपेक्षा लागलं.

पडदेकाकूंना सगळ्या वसाहतीत याच नावाने ओळखत. लोक कुणाच्या घरी गेले की आधी माणसं बघतात, काकू खिडक्या बघायच्या. ऊन कुठून येतं, समोरच्या गच्चीतून काय दिसतं, घरातल्या बाईला काय झाकायचंय आणि बाप्याला काय दाखवायचंय, हे त्यांना चहा येईपर्यंत कळलेलं असे. त्यातलं एक अक्षर त्या घराबाहेर नेत नसत, म्हणून त्यांचं काम चाले. कापड त्याच आणायच्या, शिवायच्या त्याच आणि भिंतीत भोकं पाडून दांडा बसवायच्याही त्याच. गाडी शिकल्या तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. आधी एक खटारा व्हॅन होती. ती मोडीत निघाली तेव्हा एका डॉक्टरीणबाईंकडून ही गाडी घेतली. "किल्ली नुसती जवळ असू द्या, बाकी गाडी बघून घेते," असं बाई म्हणाल्या होत्या. काकूंना ती विकणाऱ्याची ऐट वाटली. किल्लीवरचं बटण दाबून उघडायचं आणि बटण दाबून बंद करायचं, ही व्हॅनची सवय त्यांनी पुढे चालवली.

काकांनी जन्मात गाडी चालवली नाही. शेजारी बसून ब्रेक मात्र दाबत आले. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची नोकरी झाली. दुकानदाराचा तराजू हातात घेण्याआधीच तो खोटा आहे असं धरून चालायचं, ही त्या नोकरीची रीत. निवृत्त झाल्यावर दुकानं सुटली, रीत काही सुटली नाही. गॅस, नळ, कडी, फ्रीजचं दार. काका फिरून फिरून बघत आणि काकू म्हणत, "बघा हो बघा, एखाद दिवशी मलाच तोलून बघाल." तेव्हा दोघंही हसत.

आता हसू येत नव्हतं.

सुरुवात काकूंच्याच हातून झाली होती, हे त्यांना मान्य होतं. आई गेली त्या आठवड्यात एकदा त्या गाडीतून उतरल्या आणि मागचं दार अर्धवट लावून घरात गेल्या. आतला दिवा रात्रभर जळला, सकाळी गाडी मेलेली. चूक त्यांचीच. त्यांनी कबूल केली, शेजाऱ्याच्या गाडीला तारा जोडून इंजिन चालू केलं आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. त्यानंतर काही महिन्यांनी गाडी वरचेवर आपोआप मरायला लागली. आणि दर वेळी काकांचं ठरलेलं वाक्य: गाडी उघडीच होती.

काकूंनी हरतऱ्हा केल्या. संध्याकाळी गाडी लावली की त्या मोठ्याने म्हणत, "दिवे बंद, डिकी बंद, दारं बंद." समोरची मुलं त्यांची नक्कल करू लागली. किल्लीचं बटण दाबून दोन्ही आरसे आत मिटलेले बघत, आणि मगच घरात येत. तरी रात्री जेवण झाल्यावर काका शतपावलीला बाहेर जात आणि परत येऊन सांगत, "उघडीच होती. मी लावली." पर्समधली किल्ली घेऊन लावली असेल, असं काकू धरून चालत.

किती दिवस माणूस म्हणणार, मी बंद केली होती? आठवड्यातून चारदा दुसरं माणूस सांगत असेल की नव्हती, आणि ते माणूस खोटं बोलणारं नसेल, तर?

त्यात ही वाक्यं काकूंनी पूर्वी ऐकलेली होती. "मी बंद केला होता गॅस." आई अशीच म्हणायची, अशीच चिडून, शपथेवर. तेव्हा काकू काकांसारख्याच गप्प बसायच्या. पुढे आईने चष्मा पिठाच्या डब्यात ठेवला, मग पैसे चपलेत, आणि शेवटी एक दिवस स्वतःच्या लेकीकडे बघून विचारलं, "तुमचं घर कुठे, बाई?" शेवटची तीन वर्षं काकूंनी एकटीने काढली. ती सगळी वाट त्यांना ठाऊक होती. कुठल्या वळणावर काय लागतं, हे पाठ होतं.

म्हणून त्या खिडक्या आता तीन-तीनदा मोजत. टेप लावायच्या, आकडा बोलायच्या, परत लावायच्या. एका गिऱ्हाइकाने विचारलंही, "काकू, खिडकी वाढते का हो मधल्या मधे?"

गाडीच्या विजेचं काम करणारा एकच माणूस त्या भागात होता. त्याला सगळे करंट म्हणत. नाव त्याने स्वतःच पाडून घेतलं होतं आणि दुकानाच्या पाटीवरही तेच रंगवलं होतं. त्याचं बोलणं हातापेक्षा जास्त चाले. पहिल्यांदा त्याने बॅटरीची गंजलेली टोकं घासली आणि म्हणाला, "झालं, आता दहा वर्षं बघायला नको." दहा दिवससुद्धा गेले नाहीत. मग नवी बॅटरी घातली. तीही मेली. मग इंजिन चालू असताना बॅटरी भरणारं यंत्र बदलायचं खूळ डोक्यात घेतलं, ते बदललं. जुनं चांगलं होतं असं नंतर कळलं, ते कुणी सांगितलं नाही, काकूंनीच त्याच्या तोंडावरून ओळखलं.

"काकू, गाडी ठेवून जा दोन-चार दिवस. इथे बघतो," तो शेवटी म्हणाला.

काकू शिडी खांद्यावर घेऊन भाड्याच्या गाड्यांनी फिरल्या. शिडी बघून निम्मे ड्रायव्हर थांबतच नसत. गाडी परत आणायला गेल्या, तर करंट स्टुलावर पाय पसरून बसलेला.

"रोज सकाळी एका बटणात चालू. एकदम शहाण्या मुलीसारखी झोपते इथे."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडीत काही दोष नाही, काकू. दोष," त्याने कान खाजवला, "वापरण्यात आहे. काहीतरी चालू राहतंय तुमच्याकडून. वय झालं की होतं. माझी आजी सारखी..."

"तुझ्या आजीचं राहू दे," काकू म्हणाल्या. आवाज इतका चढला की समोर टायरला हवा भरणारा माणूस वळून बघायला लागला. "तू माझ्या गाडीला तीनदा औषध दिलंस, तीनदा चुकलास, आणि आता आजारी मी?"

घरी आल्या तर काका फोनवर होते. त्यांना बघताच काकांनी आवाज खाली केला, आणि खाली केलेला आवाज काकूंना जास्त ऐकू आला. "...हो, आता गॅरेजवालाही तेच म्हणतोय..." मग फोन काकूंच्या हातात आला. पलीकडे मुलगा होता, दुसऱ्या गावी नोकरीला.

"आई, ऐक, चिडू नकोस. गाडी मी घेऊन जातो. रविवारी येतो. तुला काय, एवढी दगदग हवीच कशाला? घरी बसून शिव ना."

"घरी बसून पडदे शिवले तर ते लावायचे कुणी? गिऱ्हाइकाने धरून उभं राहायचं का?"

"आणि सोमवारचा एक नंबर घेतलाय डॉक्टरांचा."

"कसले डॉक्टर?"

"मेंदूचे. नुसतं दाखवून यायचं गं. आजीचं झालं तेव्हा आपण उशीर केला."

आपण, म्हणे. काकूंनी फोन ठेवला. मशीनवर जाऊन बसल्या आणि एक पडदा उलट्या बाजूने शिवून काढला. उसवताना त्यांच्या लक्षात आलं, की तो उलटा शिवला जाणं आज साधं राहिलेलं नाही. रागात कुणाच्याही हातून शिवण चुकते. पण आता त्यांच्या हातून चुकलं, तर ते खात्यात जमा होणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीने ते 'टक्' केलं, तशा त्या पडदे आणि शिडी गाडीतच ठेवून, गिऱ्हाइकाला थांबायला सांगून करंटच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. "तुझ्याकडे झोपते आणि माझ्याकडे जागी राहते ना? मग माझ्याकडे येऊन बघ."

"घरी? काकू, माझं सगळं सामान इथे..."

"मी रोज लोकांच्या घरी जाते. शिडी घेऊन. तुला एक मीटर उचलायचाय. रविवारी माझा मुलगा गाडी न्यायला येतोय. त्याच्या आत मला कळलं पाहिजे. गाडी की मी."

करंटने त्यांच्याकडे बघितलं. विनोद करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. "जेवून येतो," तो म्हणाला.

दुपारी तो खरंच आला. बॉनेट उघडून त्याने बॅटरीची एक तार सोडवली आणि तिच्या मधे मीटर जोडला. "इंजिन फिरवण्याएवढा जीव नाही बॅटरीत, पण बाकीच्यापुरता परत आलाय. आता गाडी जेवढी वीज पिईल, तेवढी या डबड्यातून जाणार. आकडा दिसेल." फ्यूजपर्यंत हात जावा म्हणून दार उघडंच ठेवून त्याच्या कडीत पेचकस घातला आणि ती बंद झाल्यासारखी केली, म्हणजे दार लागलंय अशी गाडीची समजूत व्हावी. "आता हिला झोपू द्यायचं. हात लावायचा नाही, आत बसायचं नाही. सगळं बंद झालं की आकडा धाडकन खाली येतो."

ते बघत उभे राहिले. आकडा थोडा उतरला, अडला, आणि तिथेच डुचमळत राहिला. खिडकीत काका वर्तमानपत्र धरून बसले होते. बघत नाही असं दाखवून बघत होते.

"नाही झोपत," करंट म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच ऐट नव्हती. "पितेय की हो! माझ्याकडे असं नव्हतं."

"दिसतंय ना तुला? बंद आहे ना सगळं? माझा हात कुठे आहे बघ." काकूंनी दोन्ही हात वर केले. एवढ्यानेच त्यांना रडायला येईल असं वाटलं, म्हणून त्या पत्र्याकडे बघायला लागल्या.

करंटने फ्यूजची पेटी उघडली आणि एकेक फ्यूज उपटून बघायला लागला. रेडिओचा काढला, आकडा ढिम्म. दिव्यांचा, काचांचा, भोंग्याचा, ढिम्म. एक फ्यूज काढला आणि आकडा कोसळला. परत बसवला, वर. त्याने पेटीच्या झाकणावरचं चित्र उन्हाकडे धरून वाचलं.

"किल्ली ओळखायचं यंत्र आहे हे. किल्ली जवळ असली की गाडीला वाटतं, मालक आला. मग ती झोपत नाही, वाट बघत बसते. तुमची किल्ली कुठाय?"

"पर्समध्ये. मागच्या शिवणाच्या खोलीत."

"ते लांब आहे. दुसरी? दोन असतात."

"ती कपाटात. बटणांच्या डब्यात ठेवलीय, घेतल्यापासून तिथेच आहे."

"तेही लांबच. तरी आणा बरं, दोन्ही शेजारी ठेवून येतो."

काकू आत गेल्या. झोपायची खोली घराच्या पार मागच्या टोकाला होती. कपाट उघडलं, डबा काढला, झाकण उघडलं. बटणं होती. काकूंनी हात घालून तळ चाचपला. मग डबा जमिनीवर उपडा केला. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, कोटाची मोठाली बटणं फरशीभर घरंगळली. किल्ली नव्हती.

नाही म्हणजे? त्यांनी वरचा कप्पा काढला, खालचा काढला. साड्यांच्या घड्या झटकल्या. खोक्यातले दोऱ्यांचे रीळ पलंगावर ओतले. आपण हलवली का? कधी? डोळे मिटून आठवायला बघितलं, तर डब्यात ठेवल्याचंच आठवत होतं. लख्ख. आईलाही लख्खच आठवायचं. काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या, आणि आपण कशासाठी आलो हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं. त्या पिठाचा डबा उघडून बघत होत्या.

परत खोलीत आल्या तेव्हा काका दारात उभे होते.

"काय शोधतेस?"

"दुसरी किल्ली. डब्यात होती. मी डब्यात ठेवली होती हो..."

काका काहीतरी बोलणार होते. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी बाहेरच्या दिशेने बघितलं, जिथे परका माणूस उभा होता, आणि गप्प राहिले. काकू बटणांच्या मधोमध फरशीवर बसल्या. पलंगाखाली हात घालून चाचपू लागल्या. काका दाराच्या चौकटीला धरून उभेच. बराच वेळ.

"काकू!" बाहेरून करंटची आरोळी आली. "आकडा उतरला! झोपली! काय केलंत?"

"काही नाही! मिळतच नाहीये!"

काका वळले आणि पाय ओढत बाहेरच्या खोलीकडे निघून गेले.

"अहो काकू! परत चढला! आता काय केलंत?"

काकूंचा हात पलंगाखाली तसाच राहिला. त्या हळूहळू उठल्या. गुडघ्याला चिकटलेलं एक बटण गळून पडलं. बाहेरच्या खोलीत काका आरामखुर्चीत टेकत होते.

"उठा," काकू म्हणाल्या.

"अं?"

"उठा आणि आतल्या खोलीत जाऊन उभे राहा."

"कशाला?"

"मी सांगते म्हणून."

काका गेले. काकू खिडकीतून करंटकडे बघत राहिल्या, करंट मीटरकडे. पत्र्यावर एक कावळा नाचत होता, त्याची नखं वाजत होती.

"उतरला," करंट म्हणाला.

"या आता बाहेर!"

काका आले. "चढला!" करंट ओरडला, आणि त्याला अजून काही कळलेलं नव्हतं, म्हणून त्याचे डोळे वाटोळे झाले.

"खिशात काय आहे तुमच्या?"

काकांनी सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. लहान मुलं चॉकलेटवर ठेवतात तसा. मग खिशातून काळी किल्ली काढून त्यांनी खिडकीच्या कठड्यावर ठेवली.

"काखेत कळसा!" करंटने टाळी वाजवली.

"कळसा यांच्या काखेत," काकू म्हणाल्या, "वळसे मात्र मला."

किल्ली काकांनी बऱ्याच महिन्यांपूर्वी डब्यातून घेतली होती. गाडी बरोबर लावली आहे की नाही ते बघायचं, तर उघडी सापडल्यास लावायला किल्ली नको का? म्हणून. ती दिवसा त्यांच्या खिशात असे, आणि रात्री सदऱ्याबरोबर खुंटीवर. खुंटी त्याच भिंतीत, जिच्या पलीकडे गाडीचं नाक. करंटच्या गॅरेजात ती झोपायची, कारण तिथे ना खुंटी होती ना काका.

"ते असेल," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण खात्यातला माणूस अजून जागा होता. "बॅटरीचं असेल माझ्यामुळे. पण दार? दार उघडं असायचं ना. मी स्वतःच्या हाताने बघितलंय, नुसतं हँडल ओढलं की उघडायचं."

"हँडल ओढताना किल्ली कुठे असायची?" काकूंनी विचारलं.

"खिशात. म्हणजे काय, हातात कशाला... मी बटण कुठे दाबत होतो?"

करंट बॉनेटवर हात टेकून हसायला लागला. हसता हसता खोकला. "अहो काका! किल्ली खिशात घेऊन जगातल्या कुठल्याही माणसाने हँडल ओढलं, तर ही गाडी उघडणारच! बटण लागतच नाही. त्याचसाठी बनवलीय ती!"

काकूंनी त्याला तार जोडायला लावली, पेचकस काढायला लावला. कठड्यावरची किल्ली घेऊन गाडी बंद केली. आरसे मिटले. किल्ली त्यांनी काकांच्या खिशात टाकली. "ओढा."

काकांनी ओढलं. आरसे कान टवकारावेत तसे उघडले आणि दार उघडलं.

काकूंनी परत बंद केलं. किल्ली करंटच्या हातात देऊन त्याला पार रस्त्यापलीकडे पाठवलं. "आता ओढा."

काकांनी ओढलं. पुन्हा ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. दार हललं नाही.

"रोज," काकू म्हणाल्या, "रोज तुम्ही स्वतः उघडत होतात आणि मला येऊन सांगत होतात."

करंट गेला. जाताना त्याने "निघाला ना दोष शेवटी" असं म्हणून सगळं श्रेय पिशवीत घातलं होतं. काकू बटणं वेचत होत्या. काकाही खाली वाकायला गेले, तर काकूंनी हाताने थांबवलं.

"किल्ली खिशात होती हे विसरला होतात?"

काका म्हणाले, "नाही."

"नाही! मग मी शोधत होते तेव्हा?"

"त्या माणसासमोर कसं सांगू, की मी रोज बायकोच्या मागे तपासत फिरतो?"

"आणि मी जमिनीवर बसले होते ते? मी पिठात हात घालून बघितला हो, पिठात! तुम्ही दारात उभे राहून बघत होतात."

काकांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तुझ्या आईचं सगळं तू केलंस," ते म्हणाले. "एकटीने. मी बघायचो. तसं तुझं काही झालं, तर ते मला जमणार नाही. मला नुसतं... आधी कळायला हवं होतं."

काकूंना याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, कुठेतरी खोल. पण त्याच्यावर रागाचा इतका जाड थर होता, की ते वर येईना. मला जमणार नाही, म्हणे. म्हणजे यातही पंचाईत त्यांचीच.

"मुलाला फोन लावा," त्या म्हणाल्या. "मोठ्या आवाजावर ठेवा."

मुलगा कामात होता. काकांनी घसा साफ केला. "अरे, ते गाडीचं निघालं बरं का. किल्लीचं काहीतरी होतं."

"कुणाच्या किल्लीचं?" काकूंनी मागून विचारलं.

"माझ्या."

"आणि दार?"

"आणि दार... तेही मीच."

"बाबा, नीट सांगा ना," मुलगा म्हणाला. मग काकांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. जिथे ते गडबडत, तिथे काकू नुसत्या बघत आणि ते मागे जाऊन परत सांगत. मुलगा हसला, खूप वेळ हसला, खरोखरचा. "म्हणजे आई एकदम ठणठणीत! चला, सुटलो. सोमवारचा नंबर रद्द करतो. आणि रविवारी मग... माझंही इकडे जरा कामच आहे."

"हो हो, कशाला उगाच धावपळ," काका म्हणाले.

काकूंनी फोन ओढून घेतला. "गाडी न्यायला वेळ होता ना तुला? मग आता न न्यायला ये. आणि नंबर रद्द करू नकोस."

"अगं, पण आता कशाला?"

"मला माझं डोकं बॅटरीवर आणि तुझ्या बाबांवर तपासून घ्यायचं नाही. जो शिकलाय तो बघेल. मी गाडी चालवत जाईन. बाबांचंही नाव घाल, एका फेरीत दोघं दाखवून घेऊ."

काकांचा हात सदऱ्याच्या रिकाम्या खिशावर गेला.

गिऱ्हाईक अर्ध्या दिवसाची रजा पूर्ण दिवसाची करून अजून वाट बघत होतं. फोनवर त्याने काकूंना ऐकवायचं ते ऐकवलं आणि काकूंनी ऐकून घेतलं, कारण 'नवऱ्याच्या सदऱ्यामुळे उशीर झाला' हे कुणाला सांगणार? शेजाऱ्याच्या गाडीला तारा जोडून इंजिन चालू केलं. "मी येऊ का शिडी धरायला?" काकांनी खिडकीतून विचारलं. "आज नको," काकू म्हणाल्या आणि गाडी मागे घेतली. दोन्ही किल्ल्या त्यांच्या पर्समध्ये होत्या.

गिऱ्हाइकाच्या इमारतीखाली त्यांनी गाडी लावली. पडदे काढले, शिडी सोडली, ड्रिलची पेटी काखेत घेतली. बटण दाबलं, आरसे मिटले. चार पावलं गेल्या आणि पाय अडले. लागली ना नक्की? महिनोन्महिन्यांची सवय, ती काय एका दुपारीत जाते? त्या परत आल्या आणि हँडलला हात घातला.

दार उघडलं.

काकू उघड्या दाराकडे बघत राहिल्या. क्षणभर, अगदी क्षणभरच. मग त्यांनी खांद्यावरच्या पर्सकडे बघितलं. "मूर्ख मेली," त्या गाडीला म्हणाल्या, की स्वतःला, की घरी खिडकीत बसलेल्या माणसाला, त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नाही. किल्ली अंगावर असली की ही बया उघडणारच. म्हणजे बंद आहे की नाही हे बघायला जावं, तर त्याच हाताने ती उघडते. स्वतःची स्वतः खात्री करून घ्यायची काही सोयच नाही. लावली असं म्हणायचं आणि चालू लागायचं.

त्यांनी बटण दाबलं. वर खिडकीतून गिऱ्हाईक ओरडलं, "काकू, येताय ना?"

"आले, आले!" काकू म्हणाल्या. शिडी खांद्यावर चढवली आणि जिन्याकडे वळल्या. मान मागे वळायला बघत होती. शिडी अशी आडवी बसली होती, की वळता येत नव्हतं.